बाथरूम फोडायचं ठरलंय, पण कुणासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोथरूडमधल्या १९८८ सालच्या सोसायटीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. घरात मी (वय ५४), यजमान आणि सासूबाई (वय ७९). मुलगा-सून परदेशात, गणपतीत येतात. पॅसेजमध्ये शेजारी-शेजारी एक संडास आणि एक बाथरूम, शिवाय बेडरूमला लागून एक छोटं टॉयलेट-बाथरूम. टाइल्स बिल्डरने दिलेल्याच, पांढऱ्याच्या आता पिवळट झालेल्या. मुलगा फोटो पाठवतो: काळे नळ, काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा शॉवर. पॅसेजमधली मधली भिंत पाडून हॉटेलसारखं एकच मोठं बाथरूम करा म्हणतो. यजमानांचं म्हणणं, जुन्यावरच नव्या टाइल्स चिकटवू, आठवड्यात काम संपेल, खालच्या काकांच्या छताला आलेली ओलही थांबेल. प्लंबर म्हणतो, पाइप गॅस आलाच आहे तर आत गॅस गीझर बसवून टाका. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चाही आहे. आमची तयारी चार लाखांची आहे. मला एवढंच हवंय की पुढची पंधरा वर्षं पुन्हा हात लावावा लागू नये आणि बाथरूम जुनाटही दिसू नये. कुठल्या टाइल्स घेऊ? कुठला रंग? गणपतीच्या आधी संपवायचंय. काम चालू असताना सासूबाई नणंदेकडे राहतील.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात मुलाची आवड आहे, यजमानांचा हिशोब आहे, काकांची तक्रार आहे आणि सुनेपुढे घर बरं दिसावं ही तुम्ही न लिहिलेली पण कळणारी इच्छाही आहे. सासूबाई मात्र एकाच वाक्यात येतात, त्याही घराबाहेर जाण्यापुरत्या. त्या बाथरूममध्ये दिवसातून सगळ्यात जास्त वेळा जाणारी व्यक्ती बहुधा त्याच असतील. त्यांना काय हवंय हे विचारलंत का?

विचारण्याआधी एक करा. बादलीवरचा नळ हाताने हलवून बघा. तो भिंतीत किंचित खेळत असेल, त्याच्यामागची स्टीलची गोल चकती पुढे सरकून मागचं प्लास्टर दिसत असेल, तर दोष नळाचा नाही. स्टुलावरून उठताना सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, त्यालाच धरत असणार. म्हातारं माणूस असलेल्या घरात त्या नळाची बहुतेक हीच गत होते. एक दिवस तो हातात येतो, आणि मग ओल्या फरशीवर काय होतं ते सांगायला नको.

म्हणून नळांच्या शोरूममध्ये जाण्याआधी आधाराच्या दांड्यांचं, ग्रॅब बारचं, ठरवा. एक कमोडच्या बाजूला, एक आंघोळीच्या जागेला, जमल्यास एक उभा दाराजवळ. दांडा मुठीत पूर्ण मावेल इतकाच जाड हवा, सव्वा ते दीड इंच. उंची पुस्तकात बघू नका. आजींना तिथे बसवा, उठायला सांगा, हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा. ही खूण टाइल्स लागण्याआधी गवंड्याला दाखवायची, कारण दांड्याचे बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये घट्ट बसायला हवेत. नुसत्या टाइलमध्ये आणि प्लास्टरमध्ये बसवलेला दांडा नसण्यापेक्षा धोक्याचा, कारण माणूस त्याच्यावर विश्वास टाकतो. रबरी वाटीने चिकटणारे दांडे तर टॉवेल वाळत घालण्यापलीकडे कामाचे नाहीत.

त्याच बैठकीत दाराचंही ठरवा. जुन्या फ्लॅट्सची बाथरूमची दारं आत उघडतात. आत पडलेलं माणूस दाराला अडकून राहिलं तर बाहेरून ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं करा, आणि आतली कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मागितली की मिळते, फार महाग नसते.

'म्हणजे आमचं बाथरूम हॉस्पिटलसारखं दिसणार' असं मनात आलं असेल, तर तुमचाच आकडा तुम्हाला परत देते. पंधरा वर्षं हात लावायचा नाही म्हणता. तेव्हा तुम्ही ६९ वर्षांच्या असाल. हे बाथरूम सासूबाईंच्या म्हातारपणाचं आहे तितकंच तुमच्याही म्हातारपणाचं आहे. मुलाने पाठवलेल्या फोटोंतली बाथरूम्स अशा माणसांची आहेत ज्यांचे गुडघे अजून दुखत नाहीत. आता टॉवेल रॉडसारखेच दिसणारे ग्रॅब बार मिळतात. पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता मधली भिंत. आधी हे तपासा की ती नुसती आडभिंत आहे की तिच्यावर स्लॅबचा भार आहे. त्या काळातल्या कमी मजल्यांच्या काही इमारती भिंतींवर उभ्या आहेत, खांबांवर नाहीत. हे ठरवणं इंजिनिअरचं काम, भिंतीवर थाप मारून 'काही नाही होत' म्हणणाऱ्या ठेकेदाराचं नाही. शिवाय आतल्या तोडफोडीसाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागते, ती या निमित्ताने घ्याच.

पण इंजिनिअरने हो म्हटलं तरी मी म्हणेन, पाडू नका. संडास आणि बाथरूम वेगळं ठेवणाऱ्या तेव्हाच्या आर्किटेक्टला फॅशन कळत नव्हती असं नाही. सकाळी आठच्या सुमाराला एक आंघोळ करतोय, दुसरा संडासात आहे, तिसरा पॅसेजमधल्या बेसिनवर दाढी करतोय, अशी तीन कामं एका वेळी त्या जागेत होतात. भिंत पाडलीत की एकच काम होईल आणि बाकीचे दोघे दारावर टकटक करतील. गणपतीत घर भरलं की काय होईल ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. हॉटेलच्या खोलीत दोन माणसं राहतात, म्हणून तिथे एक मोठं बाथरूम पुरतं. मुला-सुनेची हौस बेडरूमच्या टॉयलेट-बाथरूममध्ये भागवा, ते तसंही गणपतीत तेच वापरतील. पॅसेजमधली दोन वेगळीच ठेवा, फक्त दोन्हींना एकाच टाइल्स लावा आणि दिवे नीट द्या. जागा आहे त्याहून मोठी वाटेल.

आणि कमोड आहे तिथून हलवू नका. मैल्याचा पाइप डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत, जिथून खाली जातो तिथपर्यंत त्याला ढाळ लागतो. कमोड समोरच्या भिंतीला नेला की एकतर फरशी उचलावी लागते, नाहीतर पाइप खालच्या घराच्या छतातून न्यावा लागतो. नवा कमोड घेण्याआधी जुन्याच्या बाहेर जाण्याच्या भोकाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. साधारण चार, नऊ आणि बारा इंचांचे कमोड मिळतात. चुकीच्या अंतराचा आणला तर तो भिंतीपासून लांब तरी उभा राहतो किंवा बसतच नाही. सासूबाईंसाठी बसण्याची उंची १७ ते १९ इंचांची घ्या, नेहमीच्या कमोडपेक्षा इंच-दोन इंच जास्त. भिंतीला टांगलेला कमोड दिसतो छान, खालची फरशी पुसायलाही सोपी जाते, पण तुमच्याकडची भिंत चार इंची असेल तर त्याला जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम लागेल. ती जागाही खाते आणि पैसेही.

आता यजमानांच्या 'जुन्यावरच चिकटवू' या मुद्द्यावर जरा थांबते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग चूक तिथे दबा धरून बसली आहे.

टाइल हा पाणी अडवणारा थर नाही. टाइल नुसती वरची त्वचा, पाणी तिच्या सांध्यांमधून खाली जातच असतं. ते अडवायचं काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं. जुन्या इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खोलगट जागेत विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरून त्यावर फरशी असते. पस्तीस वर्षांत त्या कोब्याला भेगा जातात, नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या तोंडाभोवतीचा, सांधा सुटतो, आणि विटांचे तुकडे पाणी पिऊन बसतात. काकांच्या छतावर दिसतो तो डाग म्हणजे काठोकाठ भरल्यावर बाहेर पडलेलं पाणी. वर नव्या टाइल्स चिकटवणं म्हणजे फाटक्या परकरावर पैठणी नेसणं. वर्षभराने काका पुन्हा दार वाजवतील आणि तेव्हा तुम्हाला नव्या टाइल्स फोडाव्या लागतील. त्यात फरशी अर्ध्या-पाऊण इंचाने वर येते, म्हणजे पॅसेजपेक्षा बाथरूम खाली असण्याचा जो फरक आहे तोही कमी होतो.

चिकटवणं नेहमीच वाईट असं मात्र नाही. ओल नसलेल्या भिंती असतील, नाण्याने ठोकल्यावर जुन्या टाइल्सचा आवाज भरीव येत असेल, आत लोखंडी पाइप नसतील, तर भिंतींना चालतं. ज्यांच्याकडे गळती नाही आणि नुसता चेहरा बदलायचाय त्यांनी खुशाल करावं. तुमच्याकडे तर गळतीच आहे.

फोडण्याआधी पाणी कुठून येतंय ते मात्र ओळखा. वरची तीनही ठिकाणं दोन-तीन दिवस बंद ठेवणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून एकेक बंद करून बघा. तीनही आळीपाळीने बंद ठेवून झाली आणि तरी ओल वाढतच राहिली तर बहुधा भिंतीतला पाण्याचा पाइप गळतोय. १९८८ चे पाइप जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी असणार, ते आतून गंजतात. एखादं बंद केल्यावर ओल वाढायची थांबली तर तिथली फरशी किंवा ट्रॅप. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी पावसाची गळती सोसायटीने बघायची, पण संडास-बाथरूममधली आतली गळती ज्याच्या घरातली त्याने स्वखर्चाने. तेव्हा काकांशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

काम कसं व्हायला हवं, तेही सांगते, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना तुम्ही गप्प बसणार नाही. जुना कोबा पूर्ण काढून स्लॅबपर्यंत जायचं. जुन्यावर नवा कोबा टाकू द्यायचा नाही, तो स्लॅबवर नुसता बोजा. सगळे पाइप नवे, सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे. प्लास्टर करण्याआधी पंपाने दाब देऊन पाइपांची चाचणी. नहाणी ट्रॅप नवा. जमीन आणि भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई, मग वॉटरप्रूफिंगचं कोटिंग, भिंतीवर किमान फूटभर वर आणि आंघोळीच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी साठवून ठेवायचं, किमान दोन पूर्ण दिवस. त्या दोन दिवसांत काकांकडे चहाला जा आणि वर बघत बसा. छत कोरडं राहिलं तरच पुढचं काम. हीच चाचणी कोबा झाल्यावर पुन्हा. ठेकेदार म्हणेल, 'मॅडम, आपलं काम गॅरंटीचं असतं.' त्याला म्हणावं, मग दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?

यात तुमच्या चार लाखांतला मोठा वाटा जमिनीखाली आणि भिंतीत जाईल. दचकू नका. बाथरूम जुनं होतं ते आतून.

इथेच तुमच्या गणपतीच्या तारखेचा प्रश्न येतो. पुण्यात निम्मी घरं ठेकेदाराला 'गणपतीच्या आत' सांगतात, उरलेली 'दिवाळीच्या आत'. घाई झाली की सगळ्यात आधी काय गाळलं जातं? पाणी साठवून बघण्याची चाचणी, कारण त्यात दोन दिवस कारागीर बसून राहतात. त्यात पावसाळ्यात कोबा आणि प्लास्टर वाळायला वेळ घेतात आणि काकांचं छत ओल कुठली, पाऊस कुठला, ते कळू देत नाही. एक करा. गणपतीच्या आधी फक्त बेडरूमचं छोटं बाथरूम करून घ्या, तेही पावसाच्या आधी सुरू करता आलं तर. पॅसेजमधली दोन दिवाळीनंतर. पाण्याची चणचण त्या दिवसांत कमी असते, घरात एक वापरायचं ठिकाण कायम राहतं, आणि सासूबाईंना महिनाभर नणंदेकडे पाठवायची गरजही उरणार नाही. शिवाय पहिल्या बाथरूमवर ठेकेदाराची परीक्षा होते. नापास झाला तर दुसरा बघता येतो.

रिडेव्हलपमेंटबद्दल. चर्चा आणि प्रकल्प यांत बरंच अंतर असतं. पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या होणारी ती चर्चा. सर्वसाधारण सभेत ठराव, सल्लागाराची नेमणूक, त्याचा अहवाल, निविदा, विकसकाची निवड, करारनामा आणि मग परवानग्या, हा सगळा प्रवास. सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या सरकारी मार्गदर्शक सूचना यासाठी आहेत, आणि त्या पाळून जायला वर्षं लागतात. तुमच्या सोसायटीत अजून ठरावच झालेला नसेल तर बाथरूम अडवून ठेवू नका. विकसक नक्की होऊन करार झाला असेल तर मात्र हौस बाजूला ठेवा, फक्त गळतीचं काम करा, कारण काकांचं छत करारासाठी थांबणार नाही. आणि ज्यांचं या दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकलंय त्यांनी खर्चाचे दोन भाग करावेत: काढून नेता येतं ते आणि इथेच राहतं ते. गीझर, कमोड, बेसिन, आरसा, नळ हे सगळं स्क्रू काढून नव्या घरी जातं.

खरं तर ही विभागणी मी प्रत्येकालाच सांगेन, रिडेव्हलपमेंट असो नसो. जुनाट दिसू नये, ही तुमची काळजी. जुनाट नेमकं काय दिसतं? वीस वर्षांपूर्वीच्या बाथरूम्स आठवा: कमरेच्या उंचीला डॉल्फिनची किंवा फुलांच्या परडीची पट्टी, तिला मॅचिंग मरून बेसिन. तो काळ भिंतीत सिमेंटने पक्का केला होता, म्हणून आज डोळ्यांना खुपतो. जे फोडल्याशिवाय बदलता येत नाही ते शक्य तितकं शांत ठेवा. टाइल्स, कमोड, भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) यांत प्रयोग नको. हौस करायची ती आरशात, दिव्यात, बेसिनच्या नळात, पडद्यात, कपाटाच्या दारात. सात-आठ वर्षांनी मन उडालं तर एका दुपारी बदलून होतं, बिगारी लागत नाही.

डायव्हर्टरबद्दल एक वाक्य जास्त, कारण तो भिंतीत गाडला जातो. जिचे सुटे भाग तुमच्या भागातल्या साध्या दुकानात मिळतात आणि जिचा माणूस फोन केल्यावर येतो, अशीच कंपनी घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला, नाव न ऐकलेला डायव्हर्टर पाच वर्षांनी गळायला लागला तर वीस रुपयांच्या वॉशरसाठी भिंत फुटते.

मुलाच्या फोटोंतलं काय चालेल? छतातला शॉवर बहुधा नाही, आणि कारण आवडीनिवडीचं नाही. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो: दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो. तुमच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीचं पाणी जेमतेम तीन-चार मीटर वर असेल, म्हणजे दाब त्याच्या एक तृतीयांश. शोरूममध्ये जो मुसळधार पाऊस दाखवतात त्याच्यामागे पंप चालू असतो. घरी बघायचं असेल तर २० लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. भरायला दोन मिनिटांहून जास्त लागली तर छतातला शॉवर ठिबकेल. प्रेशर पंप बसवता येतो, पण त्याला सोसायटीची संमती लागते, आवाज येतो, आणि तो गच्चीच्या टाकीकडून येणाऱ्या लाइनवरच बसवायचा, महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. त्यापेक्षा चांगला हँड शॉवर घ्या, वरखाली सरकणाऱ्या दांड्यावरचा. मुलगा उभा राहून घेईल, आजी बसून घेतील. बादलीचा नळही ठेवाच. बादली-मगने आंघोळ करणं मागासलेपणाचं नाही. पाणी जपून वापरलं जातं आणि गॅलरीतली झाडं-कपडे-फरशी सगळं त्याच बादलीवर चालतं.

काळे नळ कुठल्या पाण्यावर टिकतात ते बघा. खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मऊ, पण उन्हाळ्यात तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर प्रत्येक थेंब काळ्यावर पांढरा ठिपका ठेवून जातो. मग तो कोणीतरी घासणीने घासतं आणि रंग जातो. काचेच्या पार्टिशनचीही तीच तऱ्हा, रोज वायपर मारणारं माणूस हवं. ते माणूस कोण, हे आधी ठरवा. 'मीच' असं उत्तर असेल तर काच नको. साधं क्रोम चढवलेलं पितळी फिटिंग पंधरा वर्षं टिकतं आणि जुनंही वाटत नाही. मुलाला काळं हवंच असेल तर बेडरूमच्या बेसिनचा नळ काळा घ्या.

प्लंबरचा गॅस गीझरचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अनेकदा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. गॅस गीझर लावायचाच असेल तर बाहेर, मोकळी हवा असलेल्या ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्या-वाळवण्याच्या छोट्या गॅलरीत, आणि गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. विजेचा गीझर घेतलात तर १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, मूळ वायरिंगला अर्थिंग आहे की नाही याची तपासणी, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. शॉकपासून वाचवतो तो हाच, जास्त भार आल्यावर पडणारा एमसीबी नव्हे. आणि एक्झॉस्ट फॅन, कारण ओल, बुरशी आणि फुगलेली दारं यांचं निम्मं औषध तेच आहे. दाराची चौकट लाकडाची असेल तर याच वेळी ग्रॅनाइटची करून घ्या.

आता टाइल्स, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत.

जमिनीला मॅट, न घसरणाऱ्या, एक फूट बाय एक फुटाच्या. आजकाल दोन बाय चारच्या मोठ्या टाइल्सची चलती आहे, भिंतीला त्या छान दिसतात, पण जमिनीवर नको. पाणी ट्रॅपकडे वाहायला फुटाला तीन-चार मिलिमीटरचा ढाळ लागतो आणि मोठ्या टाइलला चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही. मग एका कोपऱ्यात कायमचं डबकं. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओता आणि कुठे थांबतं ते पाहूनच शेवटचा हप्ता द्या.

मार्केट यार्ड-गंगाधामच्या बाजूला टाइल्सची दुकानं ओळीने आहेत, सगळी फिरा, पण तिथल्या लखलखाटात रंग ठरवू नका. दोन-तीन नमुने घरी आणा आणि आठवडाभर सध्याच्या बाथरूममध्ये जमिनीवर टाका. त्यांवर साबणाचं पाणी पडू दे, खोबरेल सांडू दे, उटणं चोळून बघा, अनवाणी उभ्या राहा. दिवाळीच्या पहाटे तेल-उटण्याने माखलेल्या पायांना जी टाइल धरून ठेवते ती तुमची. फार खरखरीतही नको, त्यात मळ बसतो आणि बाईच्या ब्रशला दाद देत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल्स घेतल्या तर त्या टाइल अ‍ॅडहेसिव्हनेच लावायच्या. त्या पाणी जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे नुसतं सिमेंट त्यांना नीट पकडत नाही, काही वर्षांत पोकळ वाजतात. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं भरण, भरा. महाग आहे, भरायला कारागीरही सरावलेला लागतो, पण काळं पडत नाही. आणि नंतर अ‍ॅसिडची बाटली घरात येऊ देऊ नका. आपल्याकडे 'स्वच्छ' म्हणजे अ‍ॅसिड असा समज आहे, साधं सिमेंटचं ग्राउट आणि संगमरवर ते खाऊन टाकतं.

रंग? भिंतींना मळकट पांढरा किंवा फिकट वाळूचा, जमिनीला त्याच्याहून दोन छटा गडद. अगदी पांढऱ्या जमिनीवर केस दिसतो, अगदी काळ्यावर साबणाचा डाग. दोन्हींच्या मधला करडा-तपकिरी कमी बोलतो. आणि जमीन-भिंत-कमोड यांत थोडा तरी फरक राहू द्या. सगळं एकाच रंगाचं केलं तर कमी दिसणाऱ्या डोळ्यांना कमोडची कड कुठे संपते ते कळत नाही.

फोडलेला राडारोडा कुठे जाणार, ते ठेकेदाराकडून लिहून घ्या. अंधार पडल्यावर नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याला टेम्पो रिकामा करणारे कमी नाहीत, आणि पकडल्यावर नाव तुमच्या सोसायटीचं निघतं.

टाइल्स घेताना प्रत्येक प्रकारची एक पेटी जास्त घ्या आणि सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. बॅच बदलली की छटा बदलते. उरलेल्या टाइल्स परत करायची घाई करू नका. तेच डिझाइन पुढच्या वर्षी मिळेलच असं नसतं, आणि एखाद्या दिवशी नळ बदलताना प्लंबरच्या हातून एक टाइल फुटणारच आहे.